मागच्या सीटवरचा आवाज

गणेशपेठेत मारोतरावांचं गॅरेज आणि माझं टायपिंग इन्स्टिट्यूट यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीने मला पंधरा वर्षं छळलं. माझ्या क्लासमधल्या मुली जरा लयीत आल्या की पलीकडे घण सुरू व्हायचा आणि सगळ्यांच्या ओळी बिघडायच्या. मी भांडायला जायचो. हे गृहस्थ गाडीभोवती येरझारा घालत, भलतीकडेच कान लावून म्हणायचे, "मास्तर, तुमचं तीन नंबरचं मशीन अडकून राहिलं जी. तेल द्या." मशीन खरंच अडकत असायचं. त्याने माझा राग आणखी वाढायचा.

गाडीचा आवाज शोधायची त्यांची एक पद्धत होती. मालकाला चालवायला लावायचं आणि आपण मागच्या सीटवर बसायचं, चपला काढून, तळवे खालच्या पत्र्याला टेकवून. पुढे बसलं की इंजिनाची बडबड एवढी असते की बाकी कोणाचं काही कानावर येत नाही, असं ते सांगत.

१९७४ च्या एप्रिलमध्ये मनोहररावांची गाडी आली. मनोहरराव महाल भागात राहायचे, संत्र्याचे बागायतदार. गाडी त्यांच्या वडिलांनी इंग्रज जाताना एका साहेबाकडून घेतलेली, काळी, भारदस्त. आता गिअर बदलला की ठक् असा आवाज यायचा. पहिल्यातून दुसऱ्यात ठक्, दुसऱ्यातून तिसऱ्यात ठक्. तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी प्रेमिला हिचं लग्न होतं, आणि ती याच गाडीतून खाप्याला सासरी जाणार, हे मनोहररावांनी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं.

प्रेमिला माझ्याकडे टायपिंग शिकायची. मारोतराव आवाज ऐकायला निघाले त्या संध्याकाळी ती क्लास सुटल्यावर वडिलांच्या गाडीत मागे जाऊन बसली होती. लग्न ठरलेल्या पोरीशेजारी चपला काढून कसं बसायचं? मारोतराव मुकाट्याने पुढे बसले. पुढे तो आवाज गिअरच्या दांड्यातून थेट हाताला लागत होता. म्हणून त्यांनी गिअर बॉक्स उतरवला आणि तीन दिवस खोलून ठेवला. आतले दात शाबूत, बेअरिंगं शाबूत. सगळं परत बसवलं, नवं तेल घातलं. आवाज होता तसाच राहिला.

"जुन्या गाडीची हाडं वाजतेच गा," म्हणत मनोहरराव गाडी घेऊन गेले.

पुढचे दिवस मारोतरावांनी मला जगू दिलं नाही. दर तासाला माझ्या दारात. "मास्तर, दात चांगले हायेत, तरी ठक् काहून येते?" मी म्हणायचो, "मला काय विचारता, मी काय गिअर आहे?" ते जायचे आणि पाच मिनिटांनी परत यायचे. जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच भरलेला घरी जायचा. दुसऱ्याच्या गाडीखाली शिरायचे आणि काम अर्धवट टाकून बाहेर यायचे.

लग्नाला आम्ही दोघं बरोबरच गेलो. सकाळचा मुहूर्त झाला, दुपारी पंगत बसली. मारोतराव वरणभात नुसता कालवत होते. एकदम म्हणाले, "मास्तर, मागं तर ते पोरगी बसली होती." आणि भरल्या ताटावरून उठले. पंगतीतून असं उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. लोक बघायला लागले, म्हणून मीही हात धुवून त्यांच्या मागे धावलो.

ते बायकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले होते, मान खाली घालून. मनोहररावांच्या पत्नी सुभद्राबाई पुढे आल्या. "मारोतभाऊ, इकडं काहून?"

"ताईले एक विचाराचं होतं जी." मग नवरीकडे न बघताच त्यांनी विचारलं, "ताई, त्या दिवशी गाडीत ठक् व्हायचं, ते तुमाले कुठून लागत होतं?"

बायका हसल्या. मुंडावळ्यांतून प्रेमिलाने मान वर केली. "सीटच्या खालून. कोणी खालून हातोडा मारून राहिलं असं. बाबांनी पाय उचलला की एक, दाबला की आणखी एक. गाडी जोरात निघाली की सीट थरथरे बी." सहा महिन्यांत मी तिच्या तोंडून एवढे शब्द ऐकले नव्हते.

मारोतरावांचा चेहरा पडला. आवाज गिअर बॉक्सचा नव्हताच. गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या मागच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारा अधिकच्या खुणेसारखा लोखंडी तुकडा, झिजला होता. भर वेगात तो तुटला तर फिरता शाफ्ट खालचा पत्रा फोडून वर येतो. आणि वर नवरी बसणार होती.

मनोहरराव मांडवात व्याह्यांबरोबर उभे होते. मारोतरावांनी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं. "माह्यी चूक झाली जी. गाडी काढू नका."

"तीन दिवस खोलून बसले तवा नाही दिसलं, आन पाठवणीच्या टायमाले दिसलं?" मनोहररावांचा आवाज वाढला नाही, पण कान लाल झाले. "गाडी जाईल."

ते पाहुण्यांकडे वळले. मारोतरावांनी गाडीच्या डिकीतला पाना काढला आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट फुलं लावलेल्या गाडीखाली शिरले. मी बाहेर उभा राहून घाम पुसत होतो. कोणी विचारलं तर काय सांगायचं, सुचत नव्हतं. दहा मिनिटांनी ते तो अख्खा शाफ्ट खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि तेल गळत असताना मांडवातून सरळ चालत गल्लीबाहेर पडले. गाडी जागची हलणं शक्य नव्हतं. प्रेमिला वऱ्हाडाच्या बसमधून सासरी गेली. मनोहररावांनी दुसऱ्या दिवशी मारोतरावांना निरोप पाठवला, "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नका."

क्रॉस खोलला तेव्हा एका टोपणातल्या बेअरिंगच्या सुईसारख्या बारीक कांड्यांची नुसती तांबडी भुकटी झालेली निघाली. ती कागदात बांधून मारोतराव दाखवायला गेले आणि दारातूनच परत आले. गावभर झालं, नवरीची गाडी खोलून नेणारा मिस्त्री. न झालेला अपघात कोणाला दाखवणार? मला मनोहररावांचा फार संताप यायचा. मारोतरावांना मात्र दुसरंच खात होतं. चालता चालता मध्येच थांबून ते म्हणायचे, "मास्तर, गाडी गेली असती का गा खाप्यापर्यंत?"

दिवाळीला प्रेमिला माहेरी आली. माझ्याकडून सर्टिफिकेट घेतलं आणि गॅरेजकडे वळली. मीही गेलो.

"मारोतभाऊ, तुटला असता का तो?" तिने विचारलं.

त्यांनी फळीवरचा जुना क्रॉस काढून हातात धरला. मी तिच्या मागून त्यांना खुणावत होतो, हो म्हणा. एवढं एक हो म्हटलं असतं तर ती घरी जाऊन वडिलांना सांगणार होती, आणि सगळा डाग धुऊन निघणार होता.

"मले नाही माहीत, ताई," ते म्हणाले. "गेलीबी असती खाप्यापर्यंत. तेच तर रोज डोक्यात फिरून राहिलं."

तिने त्यांच्या हातातल्या क्रॉसकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरगा पाहिला, तारीख काढली, शालू आणला, पत्रिका छापल्या. एवढ्या साऱ्या लग्नात मले एकच गोष्ट विचारल्या गेली, मारोतभाऊ. तेबी तुमी विचारली."

मारोतराव खाली बघत हातातला क्रॉस पुसत राहिले. मी भिंतीपाशी उभा होतो. त्याच भिंतीच्या पलीकडे ती सहा महिने माझ्यासमोर बसली होती, आणि रिबन संपली का, यापलीकडे मी तिला कधी काही विचारल्याचं मला आठवेना. मला माझीच लाज वाटली.