वरातीतली वाफ

पांढरकवड्याच्या बायपासवर कोणाची गाडी तापली की पानटपरीवाला हात करायचा तो खेमसिंगच्या पत्र्याच्या शेडकडे. खेमसिंग राठोड जवळच्याच तांड्यावरचा, बावन्न वर्षांचा. सोळाव्या वर्षी तो एका सरदारजीच्या हाताखाली गळक्या रेडिएटरला डाग देऊन भोकं बुजवायला शिकला. पुढं पुढं ड्रायव्हरचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तो रोग सांगू लागला. बहुतेक वेळा तो बरोबरच निघायचा, आणि हळूहळू आपण चुकूही शकतो हे त्याच्या मनातूनच गेलं.

गेल्या एप्रिलमध्ये पुंडलिकराव सर त्याच्याकडे आले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस. नागपूरच्या एका मित्राच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली जुनी विलायती स्पोर्ट्स कार त्यांनी हौसेनं आणली होती. दोन सीटची, वर छप्पर नाही, आणि इतकी हलकी की चौघं लागले तर मागून उचलून बाजूला ठेवतील. हायवेवर ती मजेत पळायची. पण बाजारात बैलबंड्या-ट्रॅक्टरांच्या मागं अडकली, की पाच मिनिटांत तापमानाचा काटा लालवर.

"पळते तवा वाऱ्यानं थंडी राह्यते, सर," खेमसिंग म्हणाला. "हळू चालली का वारा बंद. मंग सारा भार पंख्यावर. आन तुमचा पंखा थकला आता."

"माझ्या मुलीचं, सुरभीचं लग्न आहे बारा मेला," सर म्हणाले. "नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत याच गाडीत आणायचं ठरवलंय. मीच चालवणार. वरात एका किलोमीटरला तास लावते. निभेल?"

"वरातीचं काय घेऊन बसले? दिवसभर चालू ठेवा तिले."

त्यानं दुसऱ्या गाडीचा मोठा विजेचा पंखा रेडिएटरच्या मागं बसवला. वायरींचे रंग जुळत नव्हते. त्यानं अंदाजानं जोडल्या, पंखा घरघरला, आणि त्याचं समाधान झालं. दोघं हायवेनं करंजीपर्यंत जाऊन आले. काटा हलला नाही.

"एकदा बाजारातून हळू फिरवून पाहू का?" सरांनी विचारलं.

"सर, आता मले शिकवता काय?" खेमसिंग हसला. सरही हसले.

लग्नाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. नेरचा नवरदेव अंकुर फेटा बांधून सरांच्या शेजारी बसला. पुढं बँड, नाचणारी पोरं, मागं पाहुणे. नव्या पांढऱ्या शर्टातला खेमसिंगही त्यांच्यात होता. निम्म्या वाटेवर बोनेटमधून वाफ उसळली, गंजकं गरम पाणी बाहेर आलं आणि थेट नवरदेवाच्या शेरवानीवर उडालं. अंकुर उडी मारून उतरला. बँड थांबला.

"गाडी कोणी दुरुस्त केली ही?" अंकुरच्या काकांनी विचारलं.

गावातल्या लोकांचे डोळे खेमसिंगकडे वळले. तो पुढं झाला, फडक्यानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाणीच नाही टाकलं सरनं. कोरडी ठाक हाय."

पाणी आत्ताच उकळून गेलं होतं. कोरडी असणारच होती. हे त्याला बोलतानाच कळत होतं.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "सकाळी मी स्वतः..." ते म्हणाले आणि थांबले. मग हळू म्हणाले, "राहिलं असेल. घाईत राहिलं असेल."

"सायन्सचे सर आन पाणी टाकाले विसरले," काका म्हणाले. लोक हसले. नवरदेव पायीच मांडवात गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून शेडमध्ये आणली. खेमसिंगनं पाणी भरून इंजिन चालू केलं, पंखा फिरू लागला, आणि जाळीपुढं वाकल्याबरोबर त्याच्या तोंडावर गरम वारा आला. त्यानं कॅलेंडरचं पान फाडून जाळीपुढं धरलं. पंख्यानं ते आत ओढून जाळीला चिकटवायला हवं होतं. ते उडून त्याच्या पायाशी पडलं. पंखा उलटा फिरत होता. दोन वायरींची अदलाबदल, दोन मिनिटांचं काम. ते त्यानं मुकाट्यानं केलं.

गाडी न्यायला सर आले ते लग्नाचे लाडू घेऊन. "माझ्या विसरण्यानं तुम्हाला उगाच त्रास," ते म्हणाले. खेमसिंगनं डबा घेतला आणि किल्ली पुढं केली.

लाडवाचा डबा घरी कोणी उघडला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं, रुपीबाईनं, विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"वायर कोणाचीबी चुकते," ती म्हणाली. "पन त्याच्या पोरीच्या लग्नात, चार लोकांत तुम्ही त्याले खोटं पाडलं. याची लाज वाटते मले."

तरी त्याचे पाय उठेनात. सर रस्त्यानं दिसले की तो ट्रकखाली शिरायचा. एक महिना असाच गेला. सरांकडे लेक-जावई आल्याचं कळलं त्या दिवशी तो हातपाय धुऊन सरांच्या दारात उभा राहिला. आत अंकुर सासऱ्यांना म्हणत होता, "बाबा, पाणी घ्या, नाहीतर विसराल." सगळे हसत होते. सरही.

"ते नाही विसरले," खेमसिंग उंबऱ्यातूनच म्हणाला. "पंखा मीच उलटा जोडला होता. मले दुसऱ्याच दिवशी समजलं. वरातीत मी खोटं बोललो."

अंकुरची मान खाली गेली. सुरभी उठून आत निघून गेली. सरांनी चष्मा काढून पुसला.

"मला वाटलं, मला विसरायला होतंय," ते म्हणाले. "पाणी टाकल्याचं स्पष्ट आठवत होतं, आणि तुम्ही म्हणालात, नाही टाकलं. तुमच्यासारखा जाणता माणूस. म्हणून यवतमाळला डॉक्टरला दाखवून आलो. ते म्हणाले काही नाही, पण माझा विश्वास बसेना. मागच्या आठवड्यात गाडी विकली, खेमसिंग. म्हटलं, आता आपण चालवू नये."

खेमसिंगला वाटलं, सरांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी परत आणतो, सर. कोणाले देली सांगा."

"हैदराबादला गेली ती. राहू द्या. बसा, चहा घेऊन जा."

तो बसला. चहा आला, त्यानं कप रिकामा केला.

सर आता रोज संध्याकाळी बायपासवर पायी फिरायला जातात. शेडजवळ आले की हात वर करतात. खेमसिंग हातातलं काम टाकून उभा राहतो, पण त्यांच्याकडे पाहणं त्याला अजून जमलेलं नाही.