बिनवाजंत्रीचे लग्न

इंग्लंडच्या राणीसाहेब वारल्या, त्या वेळी अमरावतीस दुखवट्याची मोठी सभा भरली होती. पेठा बंद होत्या, शाळा सुटल्या होत्या, आणि ज्यांनी त्या बाईंना नाण्यावरच्या मुखवट्यापलीकडे कधी पाहिले नव्हते असे शेकडो लोक पागोटी सावरून गंभीरपणे बसले होते. त्यात मीही होतो. इतकी वर्षे एका आसनावर बसून राज्य केलेले माणूस गेले की घटकाभर चूप बसावे, यात मला काही गैर वाटत नाही. गैर वाटले ते एका तरुण वकिलांचे वाक्य. ते म्हणाले, "आपल्या राज्यकर्त्याच्या मृत्यूचा शोक वऱ्हाडाने एकदिलाने पाळावा, असा हा पहिलाच प्रसंग आहे." मी उभा राहिलो आणि "हे खोटे आहे" एवढेच म्हणालो. अध्यक्षांनी हात जोडले. "काका, बसा. सभा शोकाची आहे." मी बसलो. शोकसभेत भांडू नये एवढी रीत मला कळते. कागदावर भांडायला मात्र कोणाची हरकत नसावी.

त्याच्या तीस-बत्तीस वर्षे आधी वऱ्हाडाने असा शोक पाळला होता, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला होता. पुढे अकोल्याच्या एका गृहस्थांनी ती गोष्ट आठवून लिहिली, पण ती अशी की साहेबाने दवंडी पिटवली म्हणून लोकांनी भीतीने दुकाने लावून घेतली. हे गृहस्थ त्या वेळी पाळण्यात होते. तिसरी हकीकत माझ्या बहिणीच्या सासरी, अमरावतीत, चालते. त्या दिवशी तिच्या लग्नात वाजंत्री वाजली नाही, आणि ती त्या घरच्या आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, थांबवली. अकोलेकर तर वाजवीत निघाले होते, असे तिथली नातवंडे छातीला हात लावून सांगतात. या तिन्ही हकीकती मला मान्य नाहीत. पहिल्या दोन अज्ञानाच्या आहेत. तिसरी कशी जन्मली ते मला पक्के ठाऊक आहे, कारण तिच्या जन्माला मी हजर होतो.

आजच्या मुलांना हे आधी सांगावे लागते की त्या काळी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, पण मुलूख हैदराबादचा होता. इंग्रजांनी तो फौजेच्या खर्चापोटी हाताखाली घेतला होता. आमच्या आजोबांना अकोल्याजवळ देवाच्या दिवाबत्तीसाठी जमीन होती, ती हैदराबादच्या शिक्क्याने. कारभार बदलला तरी ती कोणी काढली नाही. त्या काळ्या जमिनीत कापूस होत असे, आणि ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेतली लढाई संपून भाव खाली आला होता खरा, पण खर्चाला माणसांचे हात अजून सैलच होते. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा वाजत, आणि लग्न म्हटले की पंचक्रोशीतला ताशा आपल्याच दारात आणायची ईर्षा घरोघर होती.

वडील वारले होते. घर माझ्या शिरावर होते, आणि धाकट्या बहिणीचे कन्यादान मला करायचे होते. स्थळ अमरावतीचे, घराणे आमच्याच तोलाचे. वरात बडनेऱ्याहून आगगाडीने दुपारी अकोल्यास यायची, आणि गोरज मुहूर्तावर लग्न लागायचे. आगगाडीने येणारी वरात आमच्या आळीत कोणी पाहिली नव्हती.

त्याच दिवशी सकाळी स्टेशनावर तार आली की हैदराबादचे निजामसरकार वारले. साहेबाने दवंडी पिटवली नाही. साहेब बंगल्यातून बाहेरही आला नाही. बातमी स्टेशनातून कापसाच्या बाजारात आली आणि तिथून गावभर झाली. मी लग्नाची राहिलेली खरेदी करायला निघालो होतो, म्हणून बाजारात जे झाले ते माझ्यासमोर झाले. एका अडत्याने काट्याच्या पारड्यातला कापूस उतरवून घेतला आणि काटा बांधून ठेवला. शेजारच्याने तेच केले. मुंबईच्या कंपनीचा कारकून गाठी मागत फिरत होता, त्याला कोणी उत्तर देईना. गाडीवानांनी जू उतरवले. तिथेच दोन शेतकरी बोलत होते, त्यांचे बोलणे मला आजही जसेच्या तसे आठवते.

"कोन मेला रे?"

"आपला राजा."

"आपला राजा तं इंग्रज व्हय ना?"

"अबे, इंग्रज मुनीम हाये. धनी हैदराबादले होता."

"मंग मुनीम काहून नाई रडून राहिला?"

लोक हसले. मी हे लपवत नाही. हसले, आणि तरी काटे बांधलेलेच राहिले. एका कापडवाल्याने दुकान बंद करून एक फळी किलकिली ठेवली होती, आणि तिच्यातून तो हात घालून खण विकत होता, हेही मी पाहिले. शोक पाळणारे गाव म्हणजे देवळातल्या मूर्तींचे गाव नव्हे. पण दुपारपर्यंत ती फळीही लागली, आणि ती कोणा शिपायाने लावली नाही. मशिदीकडच्या गल्लीत म्हातारी माणसे ओट्यांवर गप्प बसली होती. ती गल्ली ओलांडून मी घरी आलो तेव्हा माझ्या दारात सनईवाले सूर लावत होते.

मी त्यांना थांबवले. मी म्हणजे मीच. त्या वेळी अमरावतीची वरात बडनेऱ्यासही पोचली नसेल.

आईने स्वयंपाकघरातून विचारले, "काहून रे थांबवले?" मी कारण सांगितले. ती बाहेर आली नाही, पण तिचा आवाज बदलला. "हळद लागलेली पोर हाये. बिनवाजंत्रीचं लग्न मी ऐकलं नाई. तिकडं तिले जन्मभर टोचतीन." हे तिचे बोलणे खरे होते, आणि या सगळ्या प्रकरणात मला खरी भीती तेवढीच होती. राजाचे काय, तो गेला होता. माझी बहीण जायची होती. भटजींना विचारले, तर ते म्हणाले की विधीला मंत्र लागतात. ताशाचे शास्त्र त्यांच्या पोथीत नाही. आईचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झाले नव्हते. पण आजोबांच्या जमिनीच्या उत्पन्नावर त्या घरात चूल पेटत होती, आणि ज्या शिक्क्याने ती जमीन मिळाली तो शिक्का धरणारा हात त्या दिवशी गेला होता. बाजारातला अडत्या काटा बांधतो आणि मी दारात ताशा वाजवतो, हे मला जमण्यासारखे नव्हते.

वरात उतरली. स्टेशनाबाहेरच्या मारुतीपाशी सीमांतपूजनाची तयारी केली होती. व्याही उंच, अंगावर जरीकाठी उपरणे, मागे अमरावतीहून आणलेले ताशेवाले, सनईवाले आणि दोन शिंगवाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

"भाऊ, तुमचे सनईवाले कुठी हायेत? झोपले काय?"

"व्याहीबुवा, हैदराबादचे सरकार वारले. गावात वाजंत्री बंद हाये."

"वारले तं वारले. म्या काय मारले?"

"तसं नाई. पन आज गाव बंद हाये. तुमची वरात आमी डोक्यावर घेऊ. वाजंत्री वाजनार नाई."

"तुमची नाई वाजनार. माही वाजीन. एवढ्या दुरून आनली, ते काय आगगाडी दाखवाले?"

त्यांच्या मेहुण्यांनी मागून जोडून दिले, "मुके गेलो तं अकोल्याचे लोक म्हनतीन, नवरदेवात खोट हाये."

"नवरदेवात खोट असती तं मी पोरगी दिली नसती," मी म्हणालो.

"मंग वाजवू द्या."

"नाई."

व्याही म्हणाले की वाजंत्रीवाचून वरात हलणार नाही. संध्याकाळच्या गाडीने जशी आली तशी परत जाईल. हे बोलणे धमकीचे नव्हते. ते तसे करणारे गृहस्थ होते, हे मला माहीत होते. नवरदेव बिचारा बाशिंग बांधून घोड्यावर बसला होता आणि माशा हाकलीत होता. ऊन कलायला लागले होते. नदीपलीकडे जुन्या गावात माझी बहीण पाटावर बसली होती. तिला यातले काही ठाऊक नव्हते.

इतक्यात आमच्या आळीतले म्हातारे जमादार काठी टेकत आले. निजामांच्या घोडेस्वारांत त्यांचा उमेदीचा काळ गेला होता. माझ्या वडिलांचे ते स्नेही. दुखवट्यापायी वरात अडली हे कोणीतरी त्यांना सांगितले होते. त्या दिवशी त्यांनी नेहमीचा साफा बांधला नव्हता, साधी टोपी होती. डोळे लाल होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटे, बजने दो. बेटी का ब्याह रोज नईं होता. हमारे हुजूर बड़े दिल के थे, बुरा नईं मानेंगे." मग व्याह्यांकडे वळून म्हणाले, "सेठ, बजाओ. मेरी तरफ से इजाजत है."

व्याही ताठ झाले. "इजाजत?"

"हौ. इजाजत है."

"माह्या ताशाले इजाजत देनारे तुमी कोन?" ते गरकन मागे फिरले. "अरे, ताशे गाडीत ठेवा! शिंगं बांधा! काय पाहून राहिले? ज्याच्या मुलखात आमच्या बापजाद्यानं वतन खाल्लं, त्याच्यासाठी म्या माहा ताशा बंद केला. कोनाच्या सांगन्यानं तो वाजत नाई अन् कोनाच्या सांगन्यानं बंद होत नाई. चाला, भाऊ, पूजा करा. मुहूर्त चालला."

जमादारांनी हे मुद्दाम केले, ते मोठे चतुर होते, असेही पुढे कोणी म्हणाले. मला ते मान्य नाही. जमादार भोळे होते. त्यांनी मनापासून वाजवा म्हटले होते, आणि वाजवले असते तर ते घरी जाऊन दार लावून रडले असते. चतुराई ज्याची त्याला द्यावी, आणि तिथे ती कोणाजवळच नव्हती. अभिमान मात्र सगळ्यांजवळ होता.

वरात निघाली. घोड्याच्या टापा आणि माणसांचे जोडे, एवढाच आवाज. बाजाराच्या रस्त्याने दोन्ही बाजूंची दुकाने बंद, आणि ओट्यांवर लोक बसलेले. एवढी श्रीमंत वरात, ताशे गाडीत बांधलेले, हे पाहून एका म्हाताऱ्याने उठून सलाम केला. त्याचे पाहून दुसऱ्याने केला. मशिदीकडच्या गल्लीच्या तोंडाशी तर सगळे ओटे उभे राहिले. व्याही आधी बिचकले, मग त्यांची मान वर झाली, आणि मग ते दोन्ही हातांनी उजवीडावीकडे सलाम परत करीत चालू लागले. आम्ही मोर्णा नदीचे पाणी ओलांडले तेव्हा ते मला म्हणाले, "भाऊ, वाजंत्रीनं एवढा मान नसता भेटला." हे वाक्य त्यांच्या नातवंडांच्या हकीकतीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मुहूर्ताला भटजींनी घटिका भरल्याची खूण केली, अंतरपाट दूर झाला, आणि जिथे ताशे कडाडायचे तिथे कोणीच काही वाजवले नाही. गाव बंद होते, गाड्या उभ्या होत्या, सरकी काढायचे चरखे थांबले होते. त्या शांततेत मंगलाष्टकांचा शेवटचा चरण नदीपलीकडे ऐकू गेला, असे दुसऱ्या दिवशी पलीकडच्या माणसांनीच मला सांगितले. वऱ्हाडात त्या वर्षांत पुष्कळ लग्ने झाली. वाजत गेलेल्या वराती लोक विसरले. ही विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वरात परत निघाली. बहीण बायकांच्या डब्यात चढली होती, पदर डोळ्यांपर्यंत. आई घरीच राहिली होती, पण निघताना तिने माझ्या हाताला धरून पुन्हा तेच म्हटले होते, "तिले टोचतीन रे." मी व्याह्यांशी त्याबद्दल बोलावे कसे, या विचारात होतो. गाडीने शिटी दिली तेव्हा त्यांनीच मला बाजूला घेतले.

"भाऊ, एक ध्यानात ठेवा. वाजंत्री म्या बंद केली. अमरावतीत मी असंच सांगीन."

मला राग आला. तो माझ्या तोंडावर दिसलाही असेल. ते पुढे म्हणाले, "तुमी बंद केली म्हटलं, तं घरच्या बाया पोरीले म्हनतीन, माहेरच्यांनी मुकी धाडली. म्या बंद केली म्हटलं, तं कोन बोलनार? माह्या घरात माह्या करनीले नाव ठेवनारी अजून जन्मली नाई."

मी डब्याकडे पाहिले. "सांगा," मी म्हणालो. "ताशा तुमचा, तुमीच बंद केला."

त्यांनी शब्द पाळला. जन्मभर अमरावतीच्या प्रत्येक पंगतीत त्यांनी ती गोष्ट सांगितली, दर वेळी थोडी वाढवून, आणि माझ्या बहिणीला त्या घरात एका बाईने कधी वेडेवाकडे म्हटले नाही. ती मोठी सून झाली, सासू झाली, आजी झाली. त्या पंगतींत मी किती वेळा बसलो आणि किती वेळा वाढलेली जिलबी खाऊन गप्प राहिलो, ते मलाच ठाऊक.

व्याही कधीच गेले. बहीण गेल्या साली, भरल्या घरातून गेली. आता खरे सांगितल्याने ज्याला दुखापत होईल असे कोणी उरलेले नाही. तेव्हा वकीलसाहेबांनी, अकोल्याच्या त्या गृहस्थांनी आणि अमरावतीच्या नातवंडांनी नीट वाचावे. व्याह्यांना मी जे श्रेय दिले होते ते त्यांना जन्मभर पुरले. त्याचे काम झाले. ते मी आता परत घेतो. वऱ्हाडाने आपल्या राज्यकर्त्यासाठी दवंडीशिवाय काटे बांधले होते, आणि अकोल्यात त्या दिवशी पहिली सनई थांबली ती माझ्या दारातली, माझ्या सांगण्यावरून, सकाळीच.