पाहुण्याची जागा

पिलसुनबाईंनी साप निवडला तो गिऱ्हाइकाची पाठ बघावी तसा. जेचॉन शहरातल्या सार्वजनिक स्नानगृहात त्यांनी सगळी उमर बायकांच्या अंगावरचा मळ घासून काढण्यात घालवली होती. गुडघे गेले, काम सुटलं. घरात सोबत हवी होती, पण कुत्र्याला फिरवणं आता जमण्यासारखं नव्हतं आणि मांजर त्यांना नको होतं. दुकानातला पहिला साप त्यांनी नाकारला, त्याच्या अंगावर सुरकुत्या होत्या. दुसऱ्याच्या शेपटीला जुनी कात चिकटलेली होती. तिसरा तांबूस, सडपातळ. डोळे स्वच्छ. तो मनगटाला हलकेच वेटोळं घालून बसला.

"हाच," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने दमटपणा दाखवणारी काट्याची तबकडी दिली आणि काटा साठच्या आसपास ठेवायला सांगितलं. बाईंनी घरी येऊन ती खणात टाकली. जन्म वाफेत गेलेल्या बाईला दमट म्हणजे काय ते तबकडीने सांगायचं? सकाळी फवारा मारला की सापाच्या पेटीच्या काचेवर धुकं धरायचं. तेवढं त्यांना पुरे होतं.

पेटी त्यांनी जमिनीच्या उबदार कोपऱ्यात ठेवली. खोलीभर फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरतात, पण ती जागा सगळ्यांत गरम. घरात ती वडीलधाऱ्याची, नाहीतर पाहुण्याची. पाहुणा येऊन बरीच वर्षं झाली होती. त्या स्वतः दाराजवळ झोपायच्या.

थंडी वाढली, फरशी जास्त तापू लागली. सकाळचं धुकं दुपारपर्यंत विरून जायचं, पेटी कोरडी पडायची. बाईंना पत्ता नव्हता. मग सापाची कात निघाली ती चिंध्या होऊन, आणि दोन्ही डोळ्यांवर पापुद्रा तसाच राहिला. साप पाण्याच्या भांड्याला धडकू लागला.

स्नानगृहातली जुनी जोडीदारीण दोकजा बघायला आली. पेटीत डोकावून म्हणाली, "ताई, एवढ्या बायका सोलल्यास, आणि घरचाच राहिला? घे की ते मळ काढायचं हिरवं फडकं."

बाईंनी फडकं खरंच घेतलं. कोमट पाण्यात भिजवून शेपटीवरून फिरवलं. चिंध्या सुटल्या. हात सवयीने डोक्याकडे सरकला आणि डोळ्यापाशी थांबला. तिथे कुणालाच त्यांनी कधी घासलं नव्हतं.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. त्याने आधी पेटी कुठे ठेवलीय ते विचारलं, मग तबकडी कुठे आहे ते विचारलं. दोन्ही उत्तरं ऐकून त्याने पेटी गरम फरशीवरून उचलायला आणि तबकडी आत लावायला सांगितलं.

"डोळ्याला हात लावू नका, आजी. पुढच्या कातीबरोबर पापुद्रा गेला तर गेला. पुन्हा कोरडं पडलं तर डोळे जातील."

म्हणजे वाट बघायची. हातांना न येणारी एकच गोष्ट ती.

पेटी उचलून त्यांनी बाकावर ठेवली, एका टोकाला दिव्याची ऊब दिली. पाहुण्याला उठवून दाराशी बसवल्यासारखं त्यांना वाटलं. तबकडी आत लटकवली. आंबवलेल्या कोबीचा, किमचीचा एक डबा वास जाईपर्यंत धुतला, झाकणाला भोक पाडलं आणि आत ओलं शेवाळ पिळून भरलं. फवारा आता धुक्यासाठी नव्हे, काट्यासाठी. काटा फार चढला की झाकण जरा सरकवायच्या, ओल साचून अंग कुजू नये म्हणून.

थंडी ओसरताना साप कात टाकण्याआधी होतो तसा पुन्हा दुधाळ दिसू लागला आणि डब्यात शिरला. बाईंनी काटा थोडा वर राहू दिला. डबा उघडला नाही. दोकजाने दोनदा विचारलं, दोनदा तिला चहा देऊन परत पाठवलं.

एका सकाळी शेवाळावर कात पडलेली होती. अखंड, पायमोज्यासारखी उलटी. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, डोक्याचा भाग बोटावर ताणला. दोन्ही डोळ्यांच्या जागी टिकल्या होत्या, जाड, जुना आणि नवा पापुद्रा एकावर एक बसलेल्या.

पेटीशी येऊन त्यांनी काचेवरून बोट डावीकडे नेलं. सापाची मान वळली. उजवीकडे नेलं. मान वळली.

"आता बस तिथेच," त्या त्याला म्हणाल्या.

मग त्यांनी आपली गादी दाराजवळून उचलली आणि त्या उबदार कोपऱ्यात पसरली.