साडेसहाला आई आली

गेल्या महिन्यात एका सकाळी पावणेनऊपासून शाळेचा फोन खणखणायला लागला. "बस नाही आली अजून. भाई आजारी आहेत का?" सतरा वर्षांत असा फोन कधी आला नव्हता. मग रशीदभाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. पहाटे नमाजाला उठले, छातीत कळ आली आणि तिथंच गेले.

रशीदभाई मूळचे पिशोरचे. संभाजीनगरातल्या आमच्या शाळेची वाळूजची बस ते चालवायचे आणि त्यांच्या ओव्हरटाइमचे, प्रवासभत्त्याचे फॉर्म मी तपासायचे. तपासण्यात मी भारी कडक. सहलीला घरची भाकरी बांधून नेणाऱ्या या माणसाचा भत्ता मी जेवणाची पावती नाही म्हणून अडवला होता. "ताई, बायकोकडून पावती आणू का?" त्यांनी विचारलं. अख्खं ऑफिस हसलं, मीही हसले. भत्ता मात्र दिला नाही.

खरा वाद व्हायचा तो वेळेवरून. नियमाप्रमाणे बस शेवटच्या थांब्यावर पोचली की ड्युटी संपली. भाई मात्र लेकरू घरच्यांच्या हातात दिल्याशिवाय हलत नसत. कंपनीतून आई उशिरा येणारं एखादं लेकरू त्या थांब्यावर दर वर्षी असायचंच. यंदा पहिलीतली एक मुलगी होती. आई येईपर्यंत दोघं बसमध्ये पाढे म्हणत बसायचे. फॉर्मवर भाई लिहायचे, 'पाच पन्नासला पोचलो. साडेसहाला आई आली.' मी लाल पेनानं दुसरं वाक्य खोडायचे. दर महिन्याला, न चुकता.

एकदा ते टेबलासमोर येऊन उभे राहिले. "पैसे नका देऊ, ताई. पण येळ खोडू नका. लेकरू तेवढा येळ माझ्यापाशी व्हतं, हे कुठंतरी लिहिलेलं ऱ्हाऊ द्या."

"नियम म्हणजे नियम, भाई," मी म्हणाले.

त्यांचा शेवटचा फॉर्म माझ्या ट्रेमध्येच पडून होता. पेन न लावता, मुख्याध्यापकांशी भांडून तो मी पूर्ण मंजूर करून घेतला आणि चेक द्यायला त्यांच्या घरी गेले. सोबत फॉर्मची झेरॉक्स होती. भाभींनी चेक बाजूला ठेवला आणि झेरॉक्स ओळीवर बोट ठेवून वाचली.

"लई भांडले मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "ते म्हनायचे, लेकरापाशी थांबतो. मी म्हनायचे, मग शाळेच्या पगाराच्या कागदावर त्यो येळ का न्हाई? चौकात गप्पा हानत बसता तुम्ही... खरंच थांबायचे व्हय?"

"थांबायचे, भाभी," मी म्हणाले.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "जुने फॉर्म हायेत का, ताई? ते बी द्या. मला वाचायचेत."

आहेत ना. माझ्याच कपाटात, महिनावार लावलेले. काल मी फाइल काढली, उघडली... आणि परत ठेवली. प्रत्येक पानावर, आई आल्याच्या वेळेवरून माझी लाल रेघ गेली आहे.