ताईनं लिहिलेला अर्ज

महिन्यापूर्वी गाझियाबादहून भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली." मी पोचलो तेव्हा ताईचं घर माणसांनी भरलं होतं, आणि जो तो एकच बोलत होता. काय सुगरण होती हो! पुरणपोळी खावी तर ताईंच्याच हातची! मी कोपऱ्यात दात-ओठ खात बसलो होतो. अरे, त्या बाईला पुरणपोळ्या लाटायच्याच नव्हत्या!

ताई माझ्याहून एका वर्षानं मोठी. बाबा केंद्र सरकारात, आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दहावीला ताई गणितात वर्गात पहिली. तिला इंजिनियर व्हायचं होतं. पण जवळच्या मुलींच्या शाळेत अकरावीला सायन्सच नाही! ते मुलांच्या शाळेत. मुलींना होम सायन्स. सायन्स असलेली मुलींची शाळा होती, पण दोन बस बदलून जावं लागे. बाबा म्हणाले, "दोन महिन्यांत पुण्याला बदली होतेय. तिकडे गेल्यावर घे सायन्स. तोवर इथेच बस." क्वार्टरमधले सगळे असेच जगायचे, नवे पडदेसुद्धा बदली झाल्यावर शिवायचे. ताईनं विश्वास ठेवला.

ऑगस्टमध्ये खरंच ऑर्डर आली. ताई घरभर नाचली... आणि संध्याकाळी बाबांनी तिलाच कागद घेऊन बसवलं. घरातले सगळे अर्ज तीच लिहायची, अक्षर मोत्यासारखं. बाबा सांगत गेले: मुलाचं दहावीचं बोर्ड आहे, मध्येच शाळा बदलली तर नुकसान होईल, तरी बदली थांबवावी.

ताईचं पेन थांबलं. "आणि माझं सायन्स, बाबा?"

"तुझं काय अडलंय? मुलगा मार्गाला लागू दे आधी."

तिनं अर्ज पूर्ण लिहिला. मी शेजारीच होतो. चकार शब्द काढला नाही. मला मित्र सोडून जायचं नव्हतं, झालं!

बदली थांबली ती कायमचीच. पुढच्या वर्षी मला घरापासून पाच मिनिटांवर सायन्स मिळालं, आणि मला न सुटणारी गणितं ताई कणीक मळता मळता सोडवून द्यायची. इंजिनियर झालो मी! खूप वर्षांनी एकदा म्हणालो, "ताई, तुझ्यावर अन्याय झाला गं." तर म्हणाली, "छोड ना यार, चहा घे." मी घेतलाही. बाबांना शिव्या घालणं सोपं आहे, ते कधीच गेले. मुलींना होम सायन्स पुरे म्हणणारेही गेले असतील. मी मात्र आहे ना!

तेराव्यानंतर भाच्यानं तिची खोली उघडली. टेबलावर अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक, यंदाचंच. निम्म्या पुस्तकातली गणितं पेन्सिलनं सोडवलेली. म्हटलं, तुझ्या मुलीचं का रे?

"ती तिसरीत आहे, मामा. आईच दर एप्रिलला नवीन आणायची."

पहिलं पान उघडलं. वर ताईचं माहेरचं नाव. खाली, इयत्ता अकरावी, सायन्स.

मला रडू नाही आलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.