साखऱ्याचा रोमन पूर्वज

विश्वंभर मला पहिल्यांदा भेटला आणि त्याने मला थेट इसवी सनाच्या चौथ्या शतकात नेऊन बसवलं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मी घड्याळ पुढे केलं. त्याने डोळ्याला भिंग लावून माझं नाक तपासलं, हनुवटी धरून मला डावीकडे वळवलं आणि म्हणाला, "काँस्टंटाइनच्या घराण्यातलं नाक हाय. हलू नका." अर्धा तास मी हललो नाही. घड्याळ तर आजतागायत हललेलं नाही.

मोबाइल आल्यापासून घड्याळं कोणी आणत नाही, म्हणून विश्वंभर रोमन सम्राटांची कांस्याची नाणी ओळखतो. राजाचं नाक बघायचं, डोक्यावरची पट्टी बघायची, कडेची अक्षरं लावायची. अडचण एवढीच की आमच्याकडे कोणी रोमन नाणी आणून देत नाही. मग त्याने निजामाचा पैसा ओळखला, पंपाचा वॉशर ओळखला, आणि शेजारच्या अशफाक टेलरच्या शेरवानीचं बटणही ओळखलं. तेव्हापासून अशफाक रोज विचारतो, "काय विश्वंभरभाऊ, बादशहाची तबियत बराबर हाय ना?" एक तरी खरं नाणं दाखवून अशफाकचं तोंड बंद करायचं, हा विश्वंभरचा ध्यास.

आणि ते सापडलं. जवळच्याच साखरा गावी, त्याच्या गोजरबाई मावशीच्या देवघरात, पूर्वज म्हणून पूजेला. हिरवं पडलेलं, हळदीने माखलेलं, पण नाक आणि अक्षरं शाबूत. मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन शिपाई, मधे निशाण.

"मावशे, हे रोमचे शिपाई हायेत."

"भाऊ-भाऊ हायेत. मधी बांधाचा खुंट. बांधाचं भांडण आमच्या घराण्यात पहिल्यापास्नंच हाय."

"फोटो तरी काढू दे."

"त्यांना इचारलं का तू?"

हिंगोलीला नांदेडचे एक नाणेतज्ज्ञ यायचे होते. पुष्कळ विनवण्यांनंतर मावशी नाणं द्यायला तयार झाली. आम्ही दोघे घ्यायला गेलो. तिने फडकं उलगडलं. आत सोन्यासारखं काहीतरी झळकत होतं.

"हे काय केलं, मावशे?"

"चिंचेत भिजवलं, राखेनं घासलं. मोठ्या साहेबापुढं जायचं, अन् घरच्या माणसाला तोंड धुतल्याबिगर धाडू का?"

सम्राटाचं नाक गेलं होतं. अक्षरं गेली होती. मधला खुंटही गेला होता. बांधावरचे भाऊ मात्र प्रथमच एक झाले होते.

विश्वंभर तरीही हिंगोलीला गेला. तज्ज्ञांनी चकती उलटसुलट केली आणि सांगितलं, "कांस्य आहे."

चकती देवघरात परत गेली. भिंग आता अशफाककडे असतं, सुईत दोरा ओवायला.