दणका बसता कामा नये

आमच्या घरात किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप जमतात. पलंगाखाली गेलेल्या चपलांसारखे. एक काढायला वाकावं, तर चार हाताला लागतात! आणि घडत असतात तेव्हा कुणाला हसू येत नसतं हो. आता सांगायला बसले की लोक पोट धरून हसतात, म्हणून सांगते.

माझी थोरली बहीण, अक्का, बदलापूरच्या पुढे डोंगरात आमच्या माहेरच्या घरात एकटीच राहते. तिला साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. गावात येणारी नर्सबाई म्हणाली, दवाखान्यात न्या, नाहीतर पाय जाईल. न्यायचं कसं? रस्त्यातली मोरी वाहून गेलेली. रिक्षा मोरीच्या अलीकडे थांबते, पुढे नुसते दगड. डोंगरावर चढणारी दुचाकी तेवढी जाते.

तशी एक छोटी उंच गाडी माझ्या नातवाकडे, प्रतीककडे आहे. तो अक्काला आणायला गेला आणि रिकामाच परत आला.

"काय म्हणाली रे?"

"म्हणाली, 'सुमीला पाठव. ती म्हणंल तर उतरंन. तू कालचा पोर, तुझं काय ऐकायचं!'"

कालचा पोर तीस वर्षांचा आहे, त्याच्या कपाळावरचे केस गेलेत. आणि सुमी म्हणजे मी. माझ्या खुब्यात प्लेट घातलेली!

*

प्रतीकच्या त्या गाडीवर मी पूर्वी एकदाच बसले होते, भाजी मंडईपर्यंत. स्पीडब्रेकर आला आणि माझी कवळी माझ्या हातात आली.

म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारायला गेलो. डॉक्टर बिचारे बराच वेळ माझा एक्स-रे बघत बसले. मग म्हणाले, "आजी, तुम्हाला काय सांगू? एकच लक्षात ठेवा. दणका बसता कामा नये."

मी मनात म्हटलं, झालं, संपलं. अक्काचा पाय गेला. जिना उतरताना माझ्या डोळ्यांपुढे तो पायच दिसत होता.

खाली आल्यावर प्रतीक म्हणतो कसा, "आजी, ऐकलंस ना? डॉक्टर जाऊ नका म्हणाले नाहीत. दणका नको म्हणाले!"

*

गाडीच्या मागच्या सीटखाली एक जाड स्प्रिंग असते, आत तेल असतं. तिला ही पोरं शॉकअप म्हणतात. प्रतीकचा मित्र नितीन म्हणाला, कंपनीचा शॉकअप काढून चांगला बसवू, आणि तो बसवावा तर उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हरेशभाईनेच. नितीन मला रिक्षात घालून तिकडे घेऊन गेला, प्रतीक गाडी घेऊन आला.

हरेशभाई सिंधी. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर टिळा मात्र एकदम ताजा. त्याच्याकडे येतात ती सगळी पोरं डोंगरावरून गाडीसकट उड्या मारणारी. त्याने गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "कितना ऊपर से जंप मारना है?"

प्रतीक म्हणाला, "जंप नाही भाई. आजीला बसवायचंय."

हरेशभाईने माझ्याकडे बघितलं. माझी काठी बघितली. मग अगदी आदराने विचारलं, "अम्मा जंप मारेगी?"

*

स्प्रिंग वजन बघून निवडतात म्हणे. हलक्या माणसाला कडक स्प्रिंग दिली तर ती त्याला फेकून देते. हरेशभाईने प्रतीकला आणि मला वजन विचारलं. प्रतीकने सांगितलं ते त्याच्या लग्नाच्या वेळचं. हरेशभाईने शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं, तर काटा भलतीकडेच गेला!

"साईं, डॉक्टर से झूठ बोलो, बीवी से बोलो," हरेशभाई ओरडला, "मेरे से मत बोलो!"

मग माझी पाळी. मी म्हटलं, कानात सांगते. त्याने मान हलवून हो म्हटलं, कान पुढे केला, ऐकलं आणि आत बसलेल्या कारागिराला एवढ्या मोठ्याने सांगितलं की समोरच्या साड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

*

नवा शॉकअप बसला आणि गाडी मागून उंच झाली. उंच झाली म्हणून जुना स्टँड आखूड पडला, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बिल्डिंगखाली लावली आणि पोरं वर चहाला आली. धाडकन आवाज! गाडी आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या स्कूटरवर आडवी.

चेअरमन वर आले, लाल झालेले. "आजी, काय चाललंय काय हे?"

मी विचारलं, "शॉकअपला लागलं का हो?"

*

मला बसवण्याआधी तपासून बघायला पाहिजे, म्हणून पोरांनी माझ्या वजनाचा तांदूळ गोणीत भरून मागच्या सीटवर ठेवला. गोणी घसरायला लागली, तेव्हा नितीनने माझी जुनी साडी घेऊन गोणी प्रतीकच्या पाठीला बांधली आणि वरून हेल्मेट ठेवलं. निघाले धरणाच्या कच्च्या रस्त्याला.

अर्ध्या तासात माझ्या मुलाचा फोन. तो अंबरनाथला कारखान्यात असतो. त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कळवलं होतं, तुमच्या आईला पोरं साडीने बांधून कुठेतरी नेतायत, त्या मान टाकून बसल्यात!

"आई? तू... तू कुठे आहेस?"

"घरात. मेथी निवडतेय."

"मग गाडीवर कोण होतं?"

"तांदूळ!"

*

तांदूळ सांडून आला. स्प्रिंग खड्ड्यात दबत होती मऊ, पण उसळून वर येताना गोणीला फेकत होती. पुन्हा कॅम्प दोन. हरेशभाई खालचा स्क्रू फिरवत बसला आणि तेवढ्यात नर्सबाईंचा फोन आला. अक्काच्या पायाची लाली घोट्यापर्यंत चढली होती.

मी उठलेच. "बस झालं तुमचं. आहे तशी काढा गाडी, मी जाते!"

हरेशभाईने मान वर केली नाही. "अम्मा, आपका प्लेट हिल गया तो एक का दो पेशंट होगा. बैठो."

मी बसले. हातातल्या रुमालाला पीळ घालत बसले. स्क्रू झाल्यावर हरेशभाईने काठोकाठ चहाचा ग्लास हातात घेतला आणि स्वतः प्रतीकच्या मागे बसला. कॅम्पातल्या खोदलेल्या रस्त्यांवरून फेरी मारून आला. ग्लास रिकामा!

मी ग्लासात डोकावले. "सांडला ना सगळा?"

"सांडला नहीं," हरेशभाई उतरत म्हणाला, "रास्ते में पी लिया. जाओ अम्मा, गाडी तैयार है!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. नितीन रिक्षा घेऊन मोरीपाशी थांबला. पुढे मी आणि प्रतीक. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. दगड येत होते, चर येत होते, मागचं चाक खाली जायचं, हळूच वर यायचं, आणि मी दणक्याची वाट बघत बसायचे. दणका काही आला नाही.

अक्का ओट्यावर बसली होती. पायाला फडकं. एवढीशी झाली होती.

"आलीस?" म्हणाली. "तुझा तर पाय मोडलाय."

"मोडका पाय घेऊन आले. तुझा धडका आहे तोवर चल."

तिने इकडेतिकडे बघितलं. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाली, "सुमे, मागं एकाच्या फटफटीवर बसून खाली गेले होते. धक्क्या-धक्क्याला पाय आपटायचा. दुखतंय त्याला मी नाय घाबरत. पण वाटेत वरडले तर गाव काय म्हणंल?"

मी म्हटलं, "नाही ओरडणार तू. मी बसून बघितलंय."

ती उठली. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं! एवढे दिवस सगळ्यांनी डोकं लावलं, पण मागे सीट एकच आहे आणि म्हाताऱ्या दोन, हे कुणाला सुचलंच नव्हतं. प्रतीक म्हणाला, अक्काला मोरीपर्यंत सोडतो, नितीन तिला रिक्षाने थेट दवाखान्यात नेईल, मग तुला न्यायला परत येतो. मग त्याने पाना काढला.

"अक्काआजी, वजन किती तुमचं?"

"मला कुणी कधी तोललंच नाय रे."

प्रतीकने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खाली वाकून स्प्रिंग सैल करत गेला, करत गेला. मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

दोघांनी मिळून तिला वर बसवलं. गाडी उतरायला लागली. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. पहिला चर गेला. मोठा दगड गेला. अक्काचा आवाज नाही. वळणाला पोचले तशी घरांतली माणसं दारात आली, आणि तिथेच अक्का ओरडली. केवढ्याने! माझ्या हातातून काठी पडली.

मग शब्द ऐकू आले.

"अरे, जोरात घे की मेल्या! ही फटफट हाय का पालखी?"